सात वर्षांनी परत विमान उडवायचंय, फ्लाईट रिव्ह्यूचा अनुभव कुणाला आहे का?

धावपट्टी३१ | १० जुलै २०२५, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतो. २०११ ला इथल्याच रीड-हिलव्ह्यू एअरपोर्टवर प्रायव्हेट पायलट झालो. साधं सिंगल इंजिन, सेसना १७२, एकूण तास दोनशे दहा. शेवटचं उडवलं सप्टेंबर २०१८ ला. पुढच्या महिन्यात फ्लाईट रिव्ह्यू (इन्स्ट्रक्टरबरोबर दर दोन वर्षांनी करायची उजळणी) संपत होता, म्हटलं करू दिवाळीनंतर, मग मुलगी झाली, मग घर घेतलं, मग कोविड, आणि लॉगबुक (उड्डाणांच्या नोंदींची वही) कपाटात गेलं ते गेलंच. परवा मुलीचा पासपोर्ट शोधताना हाताला लागलं. त्यात शेवटच्या पानावर पेन्सिलने 'ऑइल एक क्वार्ट घातलं' एवढंच लिहिलेलं, ते वाचून का कोण जाणे पण रात्रभर झोप नाही.

तर प्रश्न असा की लायसन्सचं कार्ड माझ्याकडे आहे, मागे राईट बंधूंचं चित्र असलेलं, त्याच्यावर संपायची तारीखच नाही. मग मी अजून पायलट आहे की नाही? परत परीक्षा द्यावी लागते का? मेडिकल (तब्येत ठीक असल्याचं सर्टिफिकेट) २०१७ च्या मार्चमधलं आहे, तेव्हा सदतीस वर्षांचा होतो, आता सेहेचाळीस. कुणी मधे मोठी गॅप घेऊन परत सुरू केलंय का? खर्चाचा पण अंदाज द्या म्हणजे घरी तसं बोलता येईल.

कांदाभजी | ११ जुलै, सकाळी ७:१५

मी विमानात फक्त खिडकी मिळावी म्हणून भांडणारा माणूस, पण वाचतोय. लायसन्सला तारीखच नाही म्हणजे काय हो? आमच्या आरटीओवाल्यांना कळलं तर चक्कर येईल.

आकाशकंदील | ११ जुलै, सकाळी ९:०३

@धावपट्टी३१, मी टेक्सासमधे सीएफआय, म्हणजे विमान शिकवणारा इन्स्ट्रक्टर आहे, वीकेंडला शिकवतो, त्यामुळे तुमच्यासारखे लोक महिन्याला एकदोन येतातच. पहिलं म्हणजे घाबरू नका, परीक्षा परत नाही. एफएएचं (अमेरिकेचं विमान खातं) सर्टिफिकेट सरेंडर केलं किंवा काढून घेतलं तरच जातं, एरवी जन्मभर तुमचंच. तुमचा पायलटपणा शाबूत आहे, फक्त पायलट इन कमांड (पीआयसी, विमानाची जबाबदारी ज्याच्यावर तो) म्हणून उडवायचा हक्क सध्या झोपलाय.

त्याला उठवायचा एफएएचा नियम म्हणजे ६१.५६. मागच्या २४ कॅलेंडर महिन्यांत फ्लाईट रिव्ह्यू झालेला पाहिजे. कमीत कमी एक तास ग्राउंड (जमिनीवर बसून शिकणं) आणि एक तास हवेत. ग्राउंडला भाग ९१ चे, म्हणजे विमान उडवायचे सर्वसाधारण, सध्याचे नियम, आणि हवेत काय करून घ्यायचं ते इन्स्ट्रक्टर ठरवतो. कॅलेंडर महिना म्हणजे ३ तारखेला केला काय नि २९ ला केला काय, दोन वर्षांनी त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतो. त्यामुळे आम्ही लोकांना महिन्याच्या सुरुवातीला यायला सांगतो, चार आठवडे फुकटचे मिळतात, आपल्या लोकांना हे लगेच पटतं :)

आणि ही टेस्ट नाही. पास-नापास असतच नाही. मला बरं वाटलं तर सही करतो, नाही वाटलं तर लॉगबुकमधे साधी ड्युअलची (इन्स्ट्रक्टरबरोबर उडवल्याची) एंट्री करतो नि म्हणतो परत या. कुठेही लाल शाई लागत नाही. सही होईपर्यंत विमानाचा पीआयसी मी, त्यामुळे मेडिकल संपलेलं असलं तरी शिकायला सुरुवात करता येते.

मेडिकलचं म्हणाल तर तिसऱ्या वर्गाचं, चाळिशीच्या आत काढलं की ६० महिने, म्हणजे तुमचं मार्च २०२२ ला संपलं. आता काढलंत तर २४ च महिने. पण २०१७ च्या मे पासून त्याऐवजी चालणारं बेसिकमेड आलंय, १४ जुलै २००६ नंतर कधीतरी तुमच्याकडे मेडिकल असलेलं पाहिजे आणि शेवटचं नाकारलेलं किंवा रद्द झालेलं नको, मग आपला नेहमीचा डॉक्टर दर चार वर्षांनी तपासतो आणि दर दोन वर्षांनी ऑनलाईन कोर्स. तुम्ही त्यात बसता.

एकच विचारतो, मधे घर घेतलंत म्हणालात, एफएएला पत्ता कळवला का? पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचा असतो, नाहीतर बाकी सगळं ठीक असूनही उडवायचा हक्क नाही. दहातले आठ लोक इथे अडकतात.

धावपट्टी३१ | ११ जुलै, दुपारी १२:३०

पत्ता सनीव्हेलचाच आहे अजून, जो २०१९ ला सोडला. आत्ता लंचमधे बसल्या बसल्या बदलला. खूप आभार, एवढं एका ठिकाणी कुठेच मिळालं नव्हतं.

शंकासुर | ११ जुलै, रात्री ८:५०

सगळं छान पण एक तास ग्राउंड आणि एक तास हवेत, दोन वर्षांतून एकदा, ही थट्टा नाही का? मी फीनिक्सला असताना एका स्कूलमधे बघितलंय, ओळखीचा इन्स्ट्रक्टर, सोबत बर्गर खायला उडून गेले, आले, सही. दोन तासांत दोन वर्षांचं काम. हाय काय, नाय काय.

आकाशकंदील | ११ जुलै, रात्री ११:२०

नाही म्हणणार नाही, बर्गर रिव्ह्यू होतात. पण नियमात 'कमीत कमी' लिहिलंय त्याचा अर्थ लोक 'एवढंच' असा घेतात. मागच्या वर्षी एक काका आले, सत्तरीचे, तीन हजार तास, स्वतःचं विमान. ग्राउंडला विचारलं की दिवसा व्हीएफआरला (बाहेर बघून उडवायचे नियम) पोचल्यावर किती इंधन उरलं पाहिजे, तर म्हणाले टाकी कधी अर्ध्याखाली जाऊच देत नाही. अहो पण नियम? अर्धा तास दिवसा, पाऊण तास रात्री, आठवलंच नाही. हवेत गेल्यावर मात्र क्रॉसविंडला (आडव्या वाऱ्यात) असं उतरवलं की मीच शिकलो. तरी त्या दिवशी सही नाही केली, पुढच्या शनिवारी केली. आठवडाभर रागावले होते, नंतर स्वतःच्या झाडाचे लिंबू घेऊन आले.

ज्यांना एका दिवसाचा हा सोपस्कार नको वाटतो त्यांनी विंग्ज बघा, एफएएचाच कार्यक्रम आहे. बेसिक फेजला तीन नॉलेजचे नि तीन फ्लाईटचे क्रेडिट असतात, फेज पूर्ण केली की तीच फ्लाईट रिव्ह्यूच्या जागी धरतात. नवीन रेटिंगची (लायसन्सवरची जादा परवानगी) परीक्षा दिली तरी चालतं. एओपीए या पायलट लोकांच्या संघटनेचं रस्टी पायलट्स म्हणून सेमिनार असतं, तुमच्यासारख्यांसाठीच, तिथे ग्राउंडचा बराच भाग उरकतो आणि आपल्यासारखे पंधरावीस गंजलेले लोक भेटतात हा खरा फायदा.

उत्तरवारा | १२ जुलै, पहाटे ४:४० (भारतीय वेळ)

वेळ बघा म्हणजे कळेल, सिम्युलेटरमधून आत्ता आलोय. रात्री एकचा स्लॉट होता. मुंबईत एअरलाईनला आहे, कॅप्टन, नॅरोबॉडी.

तुमच्याकडे दोन वर्षांतून एकदा आणि त्यात पास-नापास नाही हे वाचून हेवा वाटला. आमच्याकडे पीपीसी (पायलटच्या कौशल्याची परीक्षा) वर्षातून दोनदा, शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा (बाहेर न बघता उपकरणांवर उडवायची परवानगी) चेक, वर्षातून एक लाईन चेक (नेहमीच्या उड्डाणातला) वेगळा, क्लास वन मेडिकल वेगळं. वीस वर्षं झाली पण आदल्या रात्री मला अजून झोप लागत नाही, बायको म्हणते बारावीचा पेपर आहे का तुझा. आज व्हीवन कट मिळाला उजव्या इंजिनला. म्हणजे आता थांबता येणार नाही असा वेग झाला आणि त्याच क्षणी इंजिन बंद, नाक उजवीकडे पळायला लागतं, डावा पाय पूर्ण आत, नि मान अजिबात खाली घालायची नाही. पहिले चारशे फूट कुणीही कशालाही हात लावायचा नाही, फक्त सरळ वर. मग शांतपणे चेकलिस्टचे कागद काढायचे. हे खऱ्या आयुष्यात मला एकदाही झालेलं नाही. म्हणूनच दर सहा महिन्यांनी करावं लागतं, रोज होत असतं तर चेक कशाला लागला असता.

@शंकासुर, तुमचा मुद्दा बरोबर आहे पण एअरलाईनचा माणूस महिन्याला साठ-सत्तर तास उडतो आणि वर चेक देतो. वीकेंडवाला वर्षाला वीस तास उडतो. चेक दोघांनाही आहे, पण पहिल्याचा सराव नोकरीच करून घेते.

म्युनिकमावशी | १२ जुलै, दुपारी २:१०

युरोपातलं सांगते, मी बव्हेरियात क्लबमधून उडवते. आमच्याकडे उलटं आहे, लायसन्स जन्मभराचं पण त्यावरचं सिंगल इंजिन पिस्टनचं रेटिंग दोन वर्षांचं, आणि त्यावर छान ठसठशीत तारीख असते (कांदाभजी, तुमच्या आरटीओला कळवा). रेटिंग वाढवायचं तर शेवटच्या बारा महिन्यांत बारा तास, त्यातले सहा पीआयसी, बारा टेकऑफ बारा लँडिंग, आणि इन्स्ट्रक्टरबरोबर निदान एक तास. हे जमलं नाही तर एक्झामिनर बोलावून प्रोफिशियन्सी चेक. आणि तारीख उलटून गेली तर आधी स्कूलमधे लागेल तेवढं ट्रेनिंग नि मग चेक.

मला हे बरं वाटतं कारण तास आधी भरावे लागतात. पण दुसरी बाजू पण आहे. आमच्या क्लबात सप्टेंबर-ऑक्टोबरात बघा, सगळे एकदम तास पुरे करायला येतात, सहा विमानं पॅटर्नमधे (धावपट्टीभोवतीचा ठरलेला मार्ग) गोल गोल, आळंदीच्या प्रदक्षिणेसारखी. तास भरले, अक्कल भरली का, देव जाणे.

मी_सांगलीकर | १२ जुलै, रात्री ९:००

जरा विषय सोडून विचारतो, माफ करा. मुलीने महाराष्ट्रातल्याच एका स्कूलमधून सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) केलं, दोन वर्षं झाली, दोनशे तास पूर्ण, पण नोकरी नाही. घरी बसून लायसन्स जाईल का? आम्ही शेती विकलेली नाही पण गहाण आहे, म्हणून विचारतोय.

उत्तरवारा | १२ जुलै, रात्री ११:१५

सर विषय सोडून अजिबात नाही. सीपीएल आता दहा वर्षांचं असतं त्यामुळे ते लगेच जात नाही. पण क्लास वन मेडिकल वर्षाचं, आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगचा चेक दरवर्षी, तो चुकला की नोकरीची जाहिरात येते तेव्हा अर्जच करता येत नाही. चेकच्या आधी सरावाचे तास विकत घ्यावे लागतात हे खरं दुखणं आहे, कल्पना आहे मला. एकच सांगतो, मेडिकल आणि आयआर (इन्स्ट्रुमेंट रेटिंग) या दोन तारखा घरातल्या कालनिर्णयावर लाल पेनने लिहा आणि दोन महिने आधी धावपळ सुरू करा, कारण एक्झामिनर, विमान आणि हवामान तिन्ही एका दिवशी मिळत नाही. इंग्लिश प्रोफिशियन्सीची लेव्हल चार असेल तर ती पण तीन वर्षांनी परत. व्यक्तिगत निरोप करा, बाकी फोनवर बोलू.

कांदाभजी | १३ जुलै, सकाळी ८:००

उडवायचा हक्क चालू असलेल्याला तुम्ही पायलट लोक 'करंट' म्हणता तेव्हा मला एमएसईबीच आठवते. पण उत्तरवारा यांच्या प्रतिसादाला मोदक.

धावपट्टी३१ | २ ऑगस्ट, रात्री ९:३५

अपडेट देतो. बेसिकमेड झालं एकदाचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तो फॉर्म बघितला आणि मी त्यांच्याकडे किडनी मागितल्यासारखा चेहरा केला, म्हणाले आम्ही यावर सही करत नाही. दुसऱ्या डॉक्टरीण बाई भेटल्या, त्यांनी फॉर्म पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एकेक ओळ तपासत गेल्या, कान डोळे गुडघे सगळं, आणि वर विचारलं की मुलीला पण नेणार का. हो म्हटल्यावर बीपी परत एकदा घेतलं.

मग ग्राउंड. इन्स्ट्रक्टर सव्वीस वर्षांची मुलगी, मी सोलो (पहिल्यांदा एकट्याने उड्डाण) केलं तेव्हा ती सातवीत असेल. मी चार रात्री पाठांतर करून गेलेलो, व्हीएफआरला ढगांपासून खाली पाचशे वर हजार बाजूला दोन हजार, तोंडावर तयार. तिने काही विचारलंच नाही. म्हणाली, रविवारी दुपारी बायको-मुलीला घेऊन वॉटसनविल एअरपोर्टला चाललायस, निघायच्या आधी मला सगळं बोलून दाखव. बस्स. अडीच तास लागले.

समुद्राचं धुकं किती वाजता वर उचलतं इथपासून सुरू झालं. वॉटसनविलला टॉवर नाही, सगळे एका फ्रिक्वेन्सीवर आपापलं सांगतात. तिथे १८ ऑगस्ट २०२२ ला एक सेसना १५२ पॅटर्नमधे होतं आणि एक दोन इंजिनांचं सेसना ३४० लांबून सरळ फायनलला (उतरायच्या आधीचा धावपट्टीच्या रेषेतला टप्पा) येत होतं, बराच जास्त वेग, दोघं आदळली आणि तीन माणसं गेली. दोघंही रेडिओवर बोलत होते! तिने विचारलं, तू १५२ मधे आहेस, बेसवर (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) आहेस, एकजण म्हणतो मी तीन मैलांवर स्ट्रेट-इन (पॅटर्न न घेता सरळ), तू काय करशील? मी म्हटलं तो दिसतो का बघेन. ती म्हणाली, आणि दिसला नाही तर? मी गप्प. खरंच गप्प. २०११ च्या माझ्या पाठांतरात हे कुठेच नव्हतं.

जाता जाता, माझ्या गैरहजेरीत रीड-हिलव्ह्यूला १०० एलएल हे विमानाचं शिसंवालं पेट्रोल विकणं बंद झालंय, १ जानेवारी २०२२ पासून. फ्युएलवाल्याला १०० एलएल द्या म्हटलं तर तो माझ्याकडे गोष्टीतल्या वीस वर्षं झोपून उठलेल्या रिप व्हॅन विंकलकडे बघावं तसा बघत होता.

शंकासुर | ३ ऑगस्ट

अडीच तास ग्राउंड? ठीक आहे, मी फीनिक्सबद्दल बोललो ते फीनिक्सपुरतं.

धावपट्टी३१ | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

दोन फ्लाईट झाल्या. मोठं लिहितोय, ज्यांना विमानात रस नाही त्यांनी सोडून द्या.

मला वाटलं होतं लँडिंग विसरलो असेन. तर नाही. दुसऱ्याच लँडिंगला हाताने आपोआप ओढलं, बुडाला कळलं की जमीन आली. सायकलसारखं असतं म्हणतात ते हाताच्या बाबतीत खरं निघालं. कानाच्या बाबतीत साफ खोटं. टॉवर बोलत होता नि मला नुसती कुजबूज ऐकू येत होती, कंट्रोलर एका दमात रनवे, ट्रॅफिक, वारा, सगळं सांगतो नि मी शेवटचा शब्द धरून बसलेलो. त्यात भर म्हणजे आमच्या जुन्या क्लबचं एक विमान होतं, सात वर्षं तेच उडवलं, त्याचा नंबर फोर सिक्स हॉटेलने (रेडिओच्या भाषेत ४६एच) संपायचा. आता ते क्लबात नाही, कधीच विकलं. आणि मी पहिल्या दिवशी टॉवरला तीनदा त्याच्याच नावाने उत्तर दिलं. तिसऱ्यांदा टॉवरवाला म्हणाला, 'फोर सिक्स हॉटेल इथे नाहीये, तुम्ही कोण आहात?' इन्स्ट्रक्टरने विमानाचा खरा नंबर पिवळ्या चिठ्ठीवर लिहून माझ्यासमोर डॅशवर चिकटवला. मुलीच्या डब्यावर लावतात तशी.

मग अँडरसन लेककडे मोकळ्यावर गेलो. स्टीप टर्न, ४५ अंश, उंची शंभर फुटांच्या आत ठेवायची, माझी एकशेऐंशी गेली. स्लो फ्लाईटला मी जुन्या सवयीने स्टॉलचा (वेग कमी पडून पंखांची उचल जाणं) इशारा देणारा हॉर्न वाजत ठेवून ऐटीत चाललेलो, ती म्हणाली हॉर्न बंद कर. मी म्हटलं मला तर हॉर्न वाजवतच शिकवलंय! तर २०१६ पासून परीक्षेचे निकष बदललेत, आता हॉर्न वाजायच्या जरा वरच्या वेगाला धरायचं असतं. एवढी वर्षं मी चुकीच्या गोष्टीचा अभिमान बाळगून होतो.

आणि मग तिने गप्पा मारता मारता पॉवर पूर्ण मागे घेतली. 'इंजिन गेलं.' मी काय केलं असेल? चेकलिस्ट शोधायला वाकलो. नाक तसंच वर, वेग पंचावन्नवर आला. तिने काहीच न बोलता नाक खाली केलं, ६५ नॉट्स धरले, ट्रिम केलं आणि मग म्हणाली आता शोध. आधी वेग, मग शेत, मग कागद. हे मी परीक्षेला न चुकता केलेलं हो! कार्ब हीट (कार्बोरेटरमधे बर्फ होऊ नये म्हणून गरम हवा) तर मला तिने आठवण करेपर्यंत सुचलीच नाही.

आयपॅडवर आजूबाजूची विमानं दिसतात हे पण नवीन. जानेवारी २०२० पासून कंट्रोल्ड हवेत बहुतेक ठिकाणी एडीएस-बी (विमानाने आपली जागा रेडिओवर सांगत राहणारं यंत्र) सक्तीचं झालं तेव्हापासून चित्र बरंच भरलेलं दिसतं, आणि मी त्यातच डोकं घालून बसलो. तिने आयपॅड उलटा करून मांडीवर ठेवला, म्हणाली खिडकी फुकट आहे.

सही नाही झाली. वाईट वाटलं का, तर थोडं वाटलं.

आकाशकंदील | १८ ऑगस्ट, सकाळी ६:५०

भावना पोचल्या. पण इन्स्ट्रक्टर चांगली मिळालीये, सोडू नका. आमच्यात एक ढोबळ हिशोब आहे, जेवढी वर्षं बंद तेवढे तास ड्युअल, तुमचं त्याच्या आतच होईल असं दिसतंय. रेडिओसाठी एक फुकट उपाय सांगतो, घरी भांडी घासताना तुमच्या एअरपोर्टचं लाईव्ह एटीसी (टॉवरचं बोलणं इंटरनेटवर) लावा आणि दुसऱ्याला दिलेल्या सूचना तुम्ही मोठ्याने रीडबॅक करा, म्हणजे परत म्हणून दाखवा.

म्युनिकमावशी | १८ ऑगस्ट, दुपारी ३:२५

पिवळी चिठ्ठी वाचून हसले खूप. अहो मी तर बाळंतपणानंतर पहिल्यांदा उडवलं तेव्हा टॉवरला 'हॅलो, बोला' म्हटलेलं, शुद्ध मराठीत.

धावपट्टी३१ | २४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

झालं!! काल तिसरी फ्लाईट, सही मिळाली. हवेतले एकूण ४.६ तास, ग्राउंड धरून विमान आणि इन्स्ट्रक्टर मिळून साधारण तेराशे डॉलर गेले, घरी 'हजारच्या वर' असं सांगितलंय. आता ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत. आकाशकंदील, भांडी घासण्याचा उपाय लागू पडला, शिवाय घरात पण इज्जत वाढली.

वॉटसनविललाच गेलो होतो. मी बेसवर वळणार तेवढ्यात एकजण पाच मैलांवरून स्ट्रेट-इन म्हणाला. दिसला नाही. मी रेडिओवर सांगितलं की डाउनविंड (बेसच्या आधीचा धावपट्टीला समांतर टप्पा) लांबवतोय आणि थांबलो, तो समोरून गेल्यावर वळलो. तिने काही म्हटलं नाही, फक्त तिच्या वहीत काहीतरी लिहिलं.

आता शेवटची शंका. प्रवासी न्यायचे तर ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात ना, मग ते मी आता एकट्याने परत करायचे का?

आकाशकंदील | २४ ऑगस्ट, दुपारी १२:४०

अभिनंदन! नाही हो, कंट्रोल तुमच्या एकट्याच्या हातात होते ना, मग इन्स्ट्रक्टरबरोबरचे पण धरले जातात, १७२ च्याच वर्गाचं विमान पाहिजे एवढंच. आणि शिकताना इन्स्ट्रक्टर हा प्रवासी धरत नाहीत, तेव्हा तो पण वाद नाही. दिवसाचे तुमचे झाले. रात्रीचे वेगळे, ते सूर्यास्तानंतर एक तास ते सूर्योदयाच्या आधी एक तास या वेळातच, आणि पूर्ण थांबून.

कांदाभजी | ३१ ऑगस्ट, सकाळी ९:२०

मग वहिनींना नेलं की नाही? एवढा धागा वाचलाय, शेवट पाहिजे.

धावपट्टी३१ | ३१ ऑगस्ट, रात्री ८:१०

काल हाफ मून बेला जेवायला जायचं ठरलेलं, मुलीने कानाला लावायचे हेडफोन पण घरातच घालून ठेवलेले. किनाऱ्यावर ढग साडेबारापर्यंत पाचशे फुटांवर. गेलो नाही, घरी पोहे केले. पुढच्या शनिवारी परत बघतो, जमलं तर दुपारीच निघू, कारण परतायचं सूर्यास्तानंतर तासाभराच्या आत, रात्रीचे तीन अजून बाकी आहेत.